विषाणूवर नव्हे, दाहावर नेम: गंभीर न्यूमोनियातील प्रतिपिंड-उपचार

न्यूमोनियामुळे प्राणवायूची पातळी घसरलेल्या रुग्णाला प्रतिकारशक्तीला आवर घालणारे इंजेक्शन द्यावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की नातेवाईक बुचकळ्यात पडतात, आणि ते स्वाभाविकच आहे. अंगात विषाणू शिरलेला असताना त्याच्याशी लढणारी यंत्रणा बळकट करायची की तिचे हात बांधायचे? २०२०-२१ च्या साथीत टोसिलिझुमॅब हे नाव वैद्यकाशी काडीचाही संबंध नसलेल्या घरांत तोंडपाठ झाले होते, तरीही हे औषध विषाणूला मारते असा समज तेव्हा होता आणि आजही आढळतो. प्रत्यक्षात ते विषाणूला स्पर्शही करत नाही. गंभीर रुग्णाच्या औषधपत्रकावर त्याच्या शेजारी लिहिलेले स्टिरॉइड आणि रक्त गोठू न देणारे हेपारिन हेदेखील विषाणूला मारत नाहीत. या तिन्ही औषधांचा रोख रुग्णाच्या स्वतःच्या शरीराकडे असतो. तो तसा का असावा लागतो, हे समजण्यासाठी आधी फुप्फुसात काय घडते ते पाहावे लागते.

फुप्फुसात नेमके काय बिघडते

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचे, म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे, जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यामध्ये उरणारा पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, आणि त्यातून प्राणवायू रक्तात जातो. श्वासाचे सारे गणित या एका जागी जुळते: वायुकोशात हवा यायला हवी आणि त्याच वायुकोशाशेजारून रक्तही वाहायला हवे.

विषाणू या पडद्याच्या पेशींत शिरून वाढतो आणि पेशी मरू लागतात. मरणाऱ्या पेशी आणि भोवतालच्या पांढऱ्या पेशी मदतीसाठी रासायनिक संदेश पाठवतात. संदेश वाहणाऱ्या या लहान प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात, आणि त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतून पाणी, प्रथिने व पांढऱ्या पेशी बाहेर झिरपण्याच्या प्रक्रियेला दाह म्हणतात. मर्यादेत राहिलेला दाह संसर्ग आटोक्यात आणतो. मर्यादा सुटली की वायुकोशांत हवेच्या जागी द्रव भरतो. तेथे रक्त येते, पण हवा पोहोचत नाही.

गंभीर विषाणूजन्य न्यूमोनियात याच्या उलटही घडते. काही भागांत हवा पोहोचते, पण केशवाहिन्या गुठळ्यांनी बुजल्यामुळे रक्तच येत नाही. कोविडने दगावलेल्या सात आणि इन्फ्लुएन्झाने दगावलेल्या सात रुग्णांची फुप्फुसे शवविच्छेदनानंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. कोविडच्या फुप्फुसांत वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांमधील सूक्ष्म गुठळ्यांचे प्रमाण इन्फ्लुएन्झाच्या तुलनेत नऊपट होते. चौदा रुग्णांचा अभ्यास लहानच म्हणायचा, पण पायातील मोठ्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊन अडकते हे जुने चित्र येथे अपुरे पडते, हे त्याने स्पष्ट केले. येथे गुठळ्या फुप्फुसातच, दाहाच्या जागीच जन्माला येत होत्या.

दाह आणि गुठळी एकमेकांना कसे ओढतात

रक्त गोठणे म्हणजे जखमेतून होणारा रक्तस्राव थांबवण्याची सोय, असे आपण शाळेत शिकतो. ते खरे आहे, पण अर्धेच. रक्त गोठवणे हे संसर्गाविरुद्धचेही एक जुने शस्त्र आहे. एखाद्या वस्तीत दरोडेखोर शिरल्याची वर्दी मिळताच पोलीस बिनतारी संदेश पाठवून कुमक मागवतात आणि त्याच वेळी वस्तीकडे जाणारे रस्ते अडवतात. शरीरही तसेच करते. सायटोकाइन हे बिनतारी संदेश आणि सूक्ष्म गुठळ्या ही नाकाबंदी. जंतू रक्तावाटे पसरू नये म्हणून ती घातलेली असते आणि चार गल्ल्यांपुरती, चार तासांपुरती असेल तर उपयोगीही पडते. मात्र संदेश थांबलेच नाहीत आणि प्रत्येक चौकीवरून नवी कुमक मागवली जाऊ लागली, तर दरोडेखोर पसार झाल्यावरही रस्ते बंदच राहतात आणि वस्तीचे अन्नपाणी तुटते.

या दुहेरी प्रक्रियेला वैद्यकात इम्युनोथ्रॉम्बोसिस म्हणतात. तिच्या साखळीतील मुख्य दुवे असे जुळतात. इंटरल्यूकिन-६ नावाचे सायटोकाइन यकृताला फायब्रिनोजेन हे गुठळीचा कच्चा माल असलेले प्रथिन अधिक प्रमाणात बनवायला लावते. दाहाने चेतवलेल्या पांढऱ्या पेशी आपल्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर हे प्रथिन आणतात, आणि त्याच्यापासून गोठण्याची क्रिया सुरू होते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंना अडकवण्यासाठी स्वतःच्या डीएनएचे चिकट जाळे बाहेर फेकतात. हे जाळे २००४ मध्ये प्रथम वर्णिले गेले. जंतूंबरोबर त्यात प्लेटलेटही अडकतात आणि गुठळीला आयता सांगाडा मिळतो. उलट दिशेनेही ओढ असते. गुठळी घडवणारे थ्रॉम्बिन हे विकर रक्तवाहिनीच्या अस्तराला चेतवून दाह वाढवते. म्हणून कोणता आधी आणि कोणता नंतर, हा प्रश्न थोड्याच वेळात निरर्थक होतो.

या नात्याचे मूळ किती जुने आहे याची कल्पना लिम्युलस या समुद्री प्राण्यावरून येते. घोड्याच्या नालेच्या आकाराचे कवच असलेल्या या प्राण्याच्या निळसर रक्तात प्रामुख्याने एकाच प्रकारची पेशी असते आणि जंतूंशी लढणे व रक्त गोठवणे ही दोन्ही कामे तीच करते. जीवाणूंचे विष लागताच त्याचे रक्त गोठते, हे अमेरिकी संशोधक फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये नोंदवले, आणि पुढे त्याच गुणधर्मावर इंजेक्शनची औषधे जीवाणूंच्या विषापासून मुक्त आहेत का हे तपासण्याची पद्धत उभी राहिली. माणसात ही कामे वेगवेगळ्या पेशींकडे आणि प्रथिनांकडे गेली असली, तरी जुने लागेबांधे तुटलेले नाहीत.

हे प्रतिपिंड कोणाविरुद्ध असतात

प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी, हे एका ठरावीक रेणूला ओळखून त्याला घट्ट चिकटणारे प्रथिन आहे. शरीर संसर्गानंतर किंवा लसीनंतर अनेक प्रकारचे प्रतिपिंड बनवते. प्रयोगशाळेत एकाच पेशीच्या वंशावळीतून एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवता येते. ही पद्धत जॉर्ज क्योलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे शोधली आणि १९८४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ‘मॅब’ या अक्षरांनी नाव संपणारी बहुतेक औषधे याच पद्धतीची देणगी आहेत.

येथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी, कारण बराच गोंधळ तिच्यामुळे होतो. काही प्रतिपिंड विषाणूला चिकटतात. कोविडच्या साथीत कॅसिरिविमॅब, सोट्रोविमॅब अशी औषधे आली ती या प्रकारची. ती आजाराच्या सुरुवातीला द्यावी लागत आणि विषाणूने रूप बदलले की निकामी ठरत. ओमायक्रॉन पसरल्यानंतर, जानेवारी २०२२ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा दोन जोड-औषधांचा वापर जवळपास थांबवला. या लेखाचा विषय असलेले प्रतिपिंड वेगळे आहेत. ते रुग्णाच्याच शरीरातील एखाद्या संदेश-प्रथिनाला किंवा तो संदेश ऐकणाऱ्या ग्राहीला चिकटतात. विषाणूने कितीही रूपे बदलली तरी रुग्णाचे इंटरल्यूकिन-६ तेच राहते, त्यामुळे या औषधांना विषाणूच्या नव्या अवतारांची भीती नसते. आपलेच काम आपण अडवतो आहोत ही जोखीम मात्र त्यांना कायमची चिकटलेली असते.

टोसिलिझुमॅब: आधी अपयश, मग यश

टोसिलिझुमॅबचा जन्म न्यूमोनियासाठी झालेला नव्हता. ओसाका येथील तादामित्सू किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये इंटरल्यूकिन-६ चा जनुक शोधला आणि पुढे त्या संदेशाचा ग्राही अडवणारे हे प्रतिपिंड जपानमध्येच विकसित झाले. २००५ मध्ये जपानमध्ये त्याला कॅसलमन या दुर्मीळ आजारासाठी मंजुरी मिळाली, नंतर संधिवातासाठी त्याचा जगभर वापर सुरू झाला. रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी पेशी-उपचारानंतर, म्हणजे रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बदलून परत सोडल्यानंतर, काही रुग्णांत सायटोकाइनचा अक्षरशः पूर येतो; तो ओसरवण्यासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यामुळे २०२० च्या वसंतात कोविडच्या अत्यवस्थ रुग्णांमध्ये दाहाच्या खुणा चढलेल्या दिसताच डॉक्टरांना हेच औषध आठवले, यात नवल नाही.

पहिल्या चाचण्यांनी मात्र निराशा केली. त्यांपैकी कोव्हॅक्टा या ४३८ रुग्णांच्या चाचणीत अठ्ठाविसाव्या दिवशी औषध मिळालेल्यांतील मृत्युदर १९.७ टक्के आणि न मिळालेल्यांतील १९.४ टक्के होता. हा विषय तेथेच मिटला असता. तसे झाले नाही, कारण दोन मोठ्या चाचण्या चालूच होत्या. रीमॅप-कॅप या आंतरराष्ट्रीय चाचणीत अतिदक्षता विभागात श्वसनाला किंवा रक्ताभिसरणाला यांत्रिक वा औषधी आधार सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत औषध दिले गेले. रुग्णालयातील मृत्युदर टोसिलिझुमॅब मिळालेल्यांत २८ टक्के, त्याच जातीच्या सॅरिलुमॅबने २२ टक्के आणि केवळ नेहमीच्या उपचारांवर ३६ टक्के होता. सॅरिलुमॅबच्या गटात रुग्ण बरेच कमी होते, म्हणून त्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. त्यानंतर ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने ४,११६ रुग्णांचा निकाल दिला: अठ्ठावीस दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी ३१ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ३५ टक्के रुग्ण दगावले.

चार टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. त्याचा अर्थ असा की पंचवीस रुग्णांना औषध दिले तर एक अधिक जीव वाचतो. उरलेल्या चोवीस जणांचा निकाल, जगण्या-मरण्याच्या हिशेबात, औषधाने बदलत नाही. हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचायला हवे. अतिदक्षता विभागातील फार थोडी औषधे एवढा फरक पाडू शकतात. त्याच वेळी, हे इंजेक्शन मिळाले नाही म्हणूनच आपला माणूस गेला, ही अनेक कुटुंबांना सलणारी भावना या आकड्यांवर टिकत नाही.

एकाच औषधाचे निकाल असे परस्परविरुद्ध का आले? रिकव्हरीत घेतलेले रुग्ण निवडक होते: प्राणवायू कमी पडत होता आणि सीआरपी ही दाह मोजणारी रक्तचाचणी ७५ किंवा त्याहून अधिक होती. त्यांतील सुमारे ८२ टक्के रुग्णांना स्टिरॉइडही चालू होते. सुरुवातीच्या चाचण्यांत हे प्रमाण बरेच कमी होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २७ चाचण्यांतील १०,९३० रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली तेव्हाही स्टिरॉइडच्या जोडीने दिल्यावरच लाभ स्पष्ट दिसला. संघटनेने जुलै २०२१ मध्ये गंभीर रुग्णांसाठी या औषधांची शिफारस केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने टोसिलिझुमॅबला या कामासाठी पूर्ण मंजुरी दिली.

स्टिरॉइड असताना याची गरज काय

ही शंका रास्त आहे. डेक्सामेथासोन हे साधे, जुने आणि अतिशय स्वस्त औषध आहे. जून २०२० मध्ये रिकव्हरी चाचणीनेच दाखवून दिले की दिवसाला ६ मिलिग्रॅम एवढ्या माफक मात्रेने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्युदर ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर येतो. परिणामाच्या आकाराकडे पाहिले तर उपचारांच्या या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठा मान स्टिरॉइडचाच आहे, असे माझे मत आहे. महागड्या प्रतिपिंडांच्या गाजावाजात ते अनेकदा विसरले जाते.

फरक काम करण्याच्या रीतीत आहे. स्टिरॉइड पेशीच्या आत जाऊन दाहाच्या असंख्य जनुकांचा आवाज एकदम खाली आणते; सगळेच बिनतारी संच थोडे थोडे मंद होतात. प्रतिपिंड एकच वाहिनी निवडते आणि ती जवळजवळ पूर्ण बंद करते. पहिल्याची मात्रा वाढवत गेले तर साखर वाढणे, स्नायू दुबळे होणे, बुरशीचे संसर्ग अशी किंमत चढत जाते. दुसऱ्याने एक वाहिनी बंद केली तरी इतर वाहिन्यांवरून संदेश जातच राहतात. दोन्ही मिळून दिल्यावर, कोणाचीही मात्रा अवाच्या सवा न वाढवता, जास्त परिणाम साधतो. चाचण्यांतील आकडे याच तर्काशी जुळतात. येथे हेही सांगायला हवे की पेशीच्या आतील संदेशमार्ग अडवणारी बॅरिसिटिनिब ही गोळी प्रतिपिंड नसूनही याच जागी वापरता येते आणि जानेवारी २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचीही ठाम शिफारस केली.

‘सायटोकाइनचे वादळ’ हा शब्दप्रयोग साथीत फार लोकप्रिय झाला. कोविडच्या गंभीर रुग्णांत इंटरल्यूकिन-६ वाढलेले असते हे खरे, पण कार-टी उपचारानंतरच्या पुरात किंवा जीवाणूजन्य रक्तसंसर्गात ते जेवढे चढते त्याच्या तुलनेत ही वाढ कितीतरी पटींनी कमी असते. एक वाहिनी अडवून चमत्कार का घडत नाही, याचे काही उत्तर येथे मिळते.

सी५ए: संदेशाऐवजी कुमक अडवणे

रक्तात कॉम्प्लिमेंट नावाचा प्रथिनांचा एक संच सदैव सज्ज असतो. संसर्गाची चाहूल लागताच त्यांतील प्रथिने एकामागून एक कापली जाऊन सक्रिय होतात. या साखळीतील सी५ या प्रथिनाचे दोन तुकडे होतात. सी५बी हा मोठा तुकडा जंतूंच्या आवरणाला भोक पाडणारी रचना उभारण्यास सुरुवात करतो, तर सी५ए हा लहान तुकडा न्यूट्रोफिलना हाका मारून बोलावतो, त्यांना चेतवतो आणि टिश्यू फॅक्टरचे प्रमाण वाढवतो. दाह आणि गुठळी यांच्या सांध्यावर नेमका हाच तुकडा बसलेला आहे.

म्हणून या तुकड्याला लक्ष्य करण्याची कल्पना मला सर्वांत तर्कशुद्ध वाटते. दोन मार्गांनी प्रयत्न झाले. रॅव्हुलिझुमॅब हे प्रतिपिंड मूळ सी५ लाच अडवते, त्यामुळे दोन्ही तुकडे तयार होत नाहीत; कोविडमधील त्याची मोठी चाचणी लाभाची चिन्हे न दिसल्याने जानेवारी २०२१ मध्ये थांबवली गेली. जर्मनीतील येना येथील कंपनीने विकसित केलेले विलोबेलिमॅब केवळ सी५ए ला पकडते आणि सी५बी चे जंतुनाशक काम चालू देते. श्वसनयंत्रावर गेलेल्या ३६८ रुग्णांच्या पॅनामो चाचणीत अठ्ठावीस दिवसांतील मृत्युदर विलोबेलिमॅबच्या गटात सुमारे ३२ टक्के आणि औषधहीन द्रव मिळालेल्यांत सुमारे ४२ टक्के आढळला.

दहा टक्क्यांचा हा फरक डोळ्यांत भरणारा आहे, परंतु रुग्णालयनिहाय गट धरून आधी ठरवलेल्या मुख्य विश्लेषणात तो योगायोगाची शक्यता पुरेशी फेटाळण्याइतका भक्कम ठरला नाही. ती गटवारी न करता केलेल्या विश्लेषणात ठरला. अमेरिकेच्या नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी दिली, पूर्ण मंजुरी नव्हे, ती या पार्श्वभूमीवर. श्वसनयंत्र किंवा कृत्रिम फुप्फुसाचा आधार सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत पहिला डोस द्यायचा, अशी अटही त्यात आहे.

मग थेट गुठळीवरच नेम का धरू नये

केशवाहिन्या गुठळ्यांनी बुजल्या आहेत हे दिसत असताना रक्त गोठू न देणारी औषधे जोरात द्यावीत, असे कोणालाही वाटेल. संशोधकांनाही तसेच वाटले. गोठण प्रतिबंध करणाऱ्या हेपारिनची प्रतिबंधक मात्रा आणि भरीव उपचार-मात्रा यांची तुलना करणाऱ्या तीन चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये निकाल आला, आणि तो बोधप्रद होता. वॉर्डातील, अजून अत्यवस्थ न झालेल्या रुग्णांत भरीव मात्रेने लाभ झाला: अवयवांना यांत्रिक आधार न लागता जगलेल्यांचे प्रमाण ७६.४ टक्क्यांवरून ८०.२ टक्के झाले. आधीच अत्यवस्थ झालेल्या रुग्णांत मात्र काहीच फायदा दिसला नाही. गंभीर रक्तस्राव तेवढा २.३ टक्क्यांवरून ३.८ टक्के झाला. तेच औषध, तीच मात्रा. अंतर फक्त काही दिवसांचे.

याचे एक सरळ कारण असे की हेपारिन नवी गुठळी होऊ देत नाही, झालेली विरघळवत नाही. रस्ते आधीच अडवले गेले असतील तर नव्या चौक्या उभारू न देण्याने फारसे साधत नाही. शिवाय सुजून जखमी झालेल्या फुप्फुसात रक्तस्रावाचा धोकाही वाढलेला असतो.

प्रतिपिंडांनी यावर मात होईल अशी आशा होती, कारण ते गोठण्याच्या सर्वसाधारण क्रियेला धक्का न लावता दाहाशी जोडलेला एखादाच दुवा तोडू शकतात. पी-सिलेक्टिन हा रेणू रक्तवाहिनीच्या अस्तरावर आणि प्लेटलेटवर येऊन पांढऱ्या पेशींना चिकटवून घेतो. त्याला अडवणारे क्रिझॅनलिझुमॅब हे सिकलसेल आजारासाठीचे प्रतिपिंड कोविडच्या ४२२ रुग्णांत तपासले गेले. फायदा होण्याची शक्यता उरली नाही म्हणून चाचणी मध्येच थांबली. दुसऱ्या एका लहान चाचणीत रक्तातील पी-सिलेक्टिन औषधाने खरोखरच उतरले होते, म्हणजे बाण लक्ष्यावर लागला होता. गोठण्याच्या साखळीतील बाराव्या घटकाला अडवणाऱ्या गॅराडासिमॅबनेही कोविडमध्ये अपेक्षित फरक दाखवला नाही.

यावरून गुठळीचे महत्त्व कमी ठरत नाही. पांढऱ्या पेशींना चिकटवणारे रेणू एकाहून अधिक आहेत, गोठण्याला वळण देणाऱ्या वाटा अनेक आहेत, आणि साखळीच्या शेवटच्या टोकाला एक दुवा तोडला तर रक्त दुसऱ्या वाटेने गोठते. दाहाचे संदेश साखळीच्या उगमाजवळ असतात, म्हणून तेथे लावलेला अडथळा अधिक उपयोगी पडतो, असे मानायला जागा आहे. तरीही सावध राहायला हवे: टोसिलिझुमॅबने मृत्यू घटले हे सिद्ध झाले आहे, पण गुठळ्या घटल्या म्हणून मृत्यू घटले, हे दाखवता आलेले नाही.

दुसरा संसर्ग होणार नाही का

होऊ शकतो, आणि ही भीती निराधार नाही. एकत्रित विश्लेषणात टोसिलिझुमॅबसारख्या औषधांमुळे इतर संसर्गांची जोखीम एकूणात स्पष्टपणे वाढलेली दिसली नाही, परंतु चाचण्यांमध्ये रुग्ण निवडून घेतलेले असतात. सुप्त क्षयरोग, सक्रिय जीवाणूजन्य किंवा बुरशीजन्य संसर्ग, फार खालावलेल्या पांढऱ्या पेशी, बिघडलेले यकृत किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा इतिहास असल्यास डॉक्टर हात आखडता घेतात, तो याचमुळे. मूळ सी५ अडवणाऱ्या औषधांनी मेंदुज्वराच्या विशिष्ट जीवाणूचा धोका वाढतो, म्हणून दीर्घकाळ ती घेणाऱ्यांना त्याची लस द्यावी लागते.

एक बारकावा सर्वसामान्यांच्या लक्षात येत नाही, पण खाटेशेजारी तो फार महत्त्वाचा ठरतो. सीआरपी हे प्रथिन यकृत बनवते ते इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून. तो संदेशच अडवला की एक-दोन दिवसांत सीआरपी झरझर खाली येते, तापही उतरतो, आणि अहवाल पाहून घरच्यांना हायसे वाटते. ही घट औषधाने संदेश अडवल्याची खूण आहे, रुग्ण सुधारल्याची असेलच असे नाही. टोसिलिझुमॅबचा प्रभाव शरीरात बराच काळ टिकतो, त्या काळात नवा जीवाणूजन्य संसर्ग झाला तरी सीआरपी आणि ताप त्याची वर्दी देतीलच असे नाही. अशा वेळी प्राणवायूची गरज, श्वासाची गती, रक्तदाब, रक्त व थुंकीचे कल्चर यांवर अधिक विसंबावे लागते.

वेळेचा प्रश्नही येथेच येतो. कोविडमध्ये प्रकृती साधारणपणे पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किंवा दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी ढासळते. तोवर विषाणूची वाढ मंदावत आलेली असते आणि दाह चढत असतो. प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोनने फायदा झाला नाही, उलट मृत्यूचा आकडा १४ वरून १७.८ टक्क्यांकडे झुकलेला दिसला. प्रतिकारशक्तीला लवकर आवर घालणे म्हणजे दरोडेखोर वस्तीत असतानाच बंदोबस्त उठवणे होय. प्रकृती बरी असताना ‘आधीच देऊन टाका’ असा आग्रह धरणे म्हणून घातक ठरू शकते.

हीच औषधे इन्फ्लुएन्झात चालतील का

फुप्फुसे भरणे, प्राणवायू घसरणे, सीआरपी चढणे ही लक्षणे इन्फ्लुएन्झाच्या गंभीर न्यूमोनियातही दिसतात, त्यामुळे उपचारही तोच असावा असे वाटते. पण शवविच्छेदनात दिसलेला सूक्ष्म गुठळ्यांचा नऊपट फरक आठवला तर सारखी लक्षणे म्हणजे सारखा आजार नव्हे, हे लक्षात येते. इन्फ्लुएन्झाचे रुग्ण आजाराच्या तुलनेने लवकरच्या टप्प्यावर, विषाणू जोमात वाढत असतानाच अत्यवस्थ होऊ शकतात. या रुग्णांच्या जुन्या नोंदींवर आधारित अभ्यासांत स्टिरॉइड मिळालेल्यांमध्ये मृत्यू अधिक आढळले होते, जरी अधिक आजारी रुग्णांनाच स्टिरॉइड दिले गेल्याने ते तसे दिसले असण्याची शक्यता आहे. मर्स या कोविडच्या चुलत आजारात स्टिरॉइड मिळालेल्या रुग्णांच्या शरीरातून विषाणू हटायला अधिक वेळ लागल्याचे आढळले होते.

त्यामुळे कोविडमध्ये सिद्ध झालेले प्रतिपिंड दुसऱ्या विषाणूच्या न्यूमोनियात वापरायचे असेल, तर तेथे पुन्हा, पुरेशा मोठ्या चाचणीत, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडून ते तपासावे लागते. ताज्या साथीत घाईने केलेल्या लहान चाचण्यांनी केवढा गोंधळ घातला, आणि हजारो रुग्णांच्या एका साध्या चाचणीने तो कसा मिटवला, हे टोसिलिझुमॅबच्या बाबतीत दिसलेच आहे. तोवर या औषधांच्या मंजुऱ्या जेथे पुरावा आहे तेथेच थांबतात: या आजारातील टोसिलिझुमॅबची मंजुरी कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या, स्टिरॉइड चालू असलेल्या आणि प्राणवायू किंवा श्वसनयंत्राचा आधार लागणाऱ्या रुग्णांपुरती आहे, आणि विलोबेलिमॅबची अमेरिकेतील परवानगी कोविडमुळे श्वसनयंत्रावर किंवा कृत्रिम फुप्फुसावर गेलेल्या रुग्णाच्या पहिल्या ४८ तासांपुरती.